आचाऱ्याची विद्या

गतवर्षीं एके दिवशीं दहावीच्या वर्गांत आम्हीं मुलांस विचारिलें, "शिक्षण पुरें झाल्यावर आपण कोण होणार?" उत्तरें नित्याचींच आलीं. कोणी डॉक्टर होणार होता, कोणी इंजिनिअर, कोणी पोलीस-अधिकारी. इतक्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा उठला व म्हणाला, "सर, मी आचारी होणार." वर्ग खो-खो हंसला. खेदाची गोष्ट ही कीं, त्या हंसण्यांत आम्हीही सामील झालों. मुलगा खालीं बसला, आणि तास संपेपर्यंत त्यानें मान वर केली नाहीं.

पुढें पंधरा दिवसांनीं त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते टॉवेलच्या कारखान्यांत यंत्रमागावर काम करतात. मुलाची आई घरीं कडक भाकरी करून दुकानांस पुरविते. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच त्याला समजावून सांगा. पुरुषासारख्या पुरुषानं चुलीपुढंच बसायचं, तर मग शाळेत घातलं कशाला?" आम्हांस तत्काल उत्तर सुचलें नाहीं. ज्या प्रश्नास आम्हीं वर्गांत हंसून वाटेस लाविलें होतें, तोच प्रश्न आतां एका बापाच्या तोंडून, आणि तोही हंसण्यावारी नेतां न येण्यासारखा, आमच्यापुढें उभा राहिला. त्याचें उत्तर शोधण्याचा आम्हीं यथाशक्ति यत्न केला. तें येथें विद्यार्थ्यांसाठीं व पालकांसाठीं मांडीत आहों.

प्रथम आपल्या जुन्या कथांकडे पाहूं. नळराजा द्यूतांत राज्य हरला, वनांत पत्नीचाही वियोग झाला, रूपही पालटलें. अशा दीन अवस्थेंत तो बाहुक हें नांव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्णाच्या पदरीं राहिला. त्याजवळ काय उरलें होतें? घोड्यांची पारख व हातची पाकविद्या. पुढें दमयंतीला संशय आला, तेव्हां तिनें दासीकरवीं त्याच्या हातचा पदार्थ मागविला व चव घेतांच आपला पति ओळखला. भीमासारखा वीरही अज्ञातवासांत बल्लव होऊन विराटाच्या मुदपाकखान्यांत राबला. राज्य, वस्त्रें, सेवक हीं सारीं हिरावून घेतां येतात, परंतु हातांत मुरलेली विद्या कोणास हिरावतां येत नाहीं, असेंच जणूं या कथा सांगतात. असें असूनही लग्नाच्या मांडवांत आपण वराकडे पाहतों, वऱ्हाडाकडे पाहतों, पण पहाटे तीनपासून भट्टीपुढें उभा असलेल्या माणसाचें नांव कोण विचारितो?

आतां हा धंदा म्हणजे नक्की काय, तें पाहूं. 'शेफ' हा शब्द फ्रेंच भाषेंतून आला. त्याचा अर्थ 'मुख्य' किंवा 'नायक' असा आहे. पाकगृहाचा नायक तो शेफ. आधुनिक पाकगृहाची घडी ज्यानें बसविली, त्या ओग्युस्त एस्कोफिये (१८४६–१९३५) याच्या आयुष्याचा आरंभही विपरीतच झाला. वयाच्या तेराव्या वर्षीं त्याला नीस शहरांत काकांच्या उपाहारगृहांत उमेदवारीस लागावें लागलें. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धांत त्यानें लष्करासाठीं अन्न शिजविलें. पुढें १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाचें पाकगृह त्याच्या हातीं आलें. त्या काळीं मोठ्या हॉटेलांचीं पाकगृहें म्हणजे धूर, आरडाओरड व मद्यपान यांचें माहेरघर. एस्कोफियेनें तेथें पलटणीची शिस्त आणिली. भाजणारा निराळा, रस्से करणारा निराळा, मासळीचा निराळा, मिष्टान्नाचा निराळा, अशी कामाची वांटणी झाली. १९०३ सालीं त्यानें आपला मोठा पाकग्रंथही प्रसिद्ध केला.

ती व्यवस्था थोड्याफार फरकानें आजही मोठ्या हॉटेलांत चालते. सर्वांत खालीं 'कॉमी' म्हणजे उमेदवार; तो सोलतो, चिरतो, धुतो, पुसतो. त्याच्यावर एकेका विभागाचा प्रमुख. त्यावर 'सू-शेफ' म्हणजे उपनायक, आणि सर्वांवर मुख्य शेफ. फ्रेंच आचाऱ्यांचा 'मीझ आं प्लास' असा एक शब्दप्रयोग आहे. 'प्रत्येक वस्तु आपल्या जागीं' असा त्याचा भावार्थ. पाहुणा येण्यापूर्वीं कांदा चिरलेला, मसाला वाटलेला, सुरी धार लावलेली व फडकें हाताशीं असलें पाहिजे. आमच्या मतें परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यानेंही हा मंत्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आपल्या 'आचारी' या शब्दांतही 'आचार' आहे. म्हणजे शिस्त व शुचिता या धंद्याच्या नांवांतच आहेत.

पण नियम सांगून मनुष्य पटत नाहीं, उदाहरण पाहिजे. म्हणून फ्लॉइड कार्डोझ यांचें चरित्र थोडक्यांत सांगतों. मूळ गोव्याच्या एका ख्रिस्ती कुटुंबांत २ ऑक्टोबर १९६० रोजीं मुंबईस त्यांचा जन्म झाला. त्यांनीं प्रथम जीवरसायनशास्त्राचें शिक्षण घेतलें. प्रयोगशाळेंतील प्रतिष्ठेचा मार्ग पुढें मोकळा होता. परंतु मन पाकगृहाकडे ओढ घेई. त्यांनीं तो मार्ग सोडला, मुंबईस पाकशिक्षण घेतलें व पुढें स्वित्झर्लंडमधील ले रोश या संस्थेंत हॉटेलव्यवसायाचा अभ्यास केला.

तेथून ते न्यूयॉर्कला गेले. त्या काळीं त्या शहरांत हिंदुस्थानी जेवण म्हणजे स्वस्त व झणझणीत, अशीच पुष्कळांची समजूत होती. उंची भोजनाचा मान फ्रेंच पद्धतीला. सेंट रेजिस हॉटेलांतील 'लेस्पिनास' या नामांकित भोजनगृहांत ग्रे कुन्झ नांवाच्या कसबी गुरूच्या हाताखालीं कार्डोझ राहिले. सुमारे पांच वर्षांत खालच्या जागेवरून ते वरच्या पदास चढले. गुरूकडून त्यांनीं फ्रेंच पद्धतीची सफाई उचलली, आणि त्या पाकगृहांत आपल्याकडील मसाल्यांची जाण नेली. शिष्य गुरूला कांहीं देऊं शकतो तो असा.

१९९८ सालीं डॅनी मायर या व्यावसायिकाच्या साहाय्यानें त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें 'तबला' हें भोजनगृह उघडलें. जिन्नस अमेरिकेचे, हातोटी पश्चिमेची, मसाले आपले, असा तेथील मेळ होता. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रानें त्याला चारांपैकीं तीन तारे दिले. हें यश लहान नव्हे. परंतु यशामागून संकटें आलीं. २००१ च्या सप्टेंबरांत त्या शहरावर भीषण हल्ला झाला. २००८ मध्यें मोठी आर्थिक मंदी आली. अखेर बारा वर्षें चालून डिसेंबर २०१० मध्यें 'तबला' बंद झालें. स्वतःच्या हातानें मांडलेली चूल स्वतःच विझवावी लागणें, याचें दुःख सोलापूरकरांस वेगळें सांगावयास नको. ज्या शहरानें एकामागून एक गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ऐकिले, त्याला तें ठाऊक आहे.

पुढच्याच वर्षीं, २०११ सालीं, अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर निष्णात शेफांची एक स्पर्धा दाखविण्यांत आली. तींत कार्डोझ विजयी ठरले. अंतिम फेरींत त्यांनीं जो पदार्थ मांडला, तो कोणता असेल? उपमा! आपल्याकडे ज्यास उप्पीट म्हणतात, तोच. त्यांत रानअळंबी घातलीं होतीं, आणि जोडीला आमसुलाची व नारळाच्या दुधाची चव होती. जो पदार्थ आपण घाईच्या सकाळीं डब्यांत भरतों व मुलें ज्याला नाकें मुरडतात, तोच तेथें मानास चढला. बक्षिसाचे एक लाख डॉलर त्यांनीं तरुण शास्त्रज्ञांच्या कर्करोगसंशोधनाच्या निधीस दिले. प्रयोगशाळा सोडून आलेल्या मनुष्यानें प्रयोगशाळेचें ऋण असें फेडलें, असें आम्हांस वाटतें.

पुढेंही मार्ग सरळ नव्हता. न्यूयॉर्कमध्यें २०१६ सालीं त्यांनीं 'पाववाला' या नांवाचें भोजनगृह काढलें. २०१८ मध्यें त्याचें नांव व रूप बदलिलें. २०१९ मध्यें तेंही मिटलें. पण दरम्यान २०१५ सालीं मुंबईच्या लोअर परळ भागांत, कमला मिल्सच्या आवारांत, तरुण भागीदारांसह त्यांनीं 'बॉम्बे कँटीन' उभें केलें होतें. परदेशी पदार्थांच्या मागें न लागतां आपल्याच प्रांतोप्रांतींच्या भाज्या, धान्यें व पाककृति तेथें सन्मानानें वाढल्या जाऊं लागल्या. २०१७ मध्यें गोव्याच्या चवीचें 'ओ पेद्रो' निघालें. मार्च २०२० मध्यें ते मुंबईस येऊन गेले, आणि परत गेल्यावर करोनाच्या सांथींत सांपडून २५ मार्च २०२० रोजीं न्यू जर्सींत वारले. वय अवघें एकोणसाठ. त्यांचे गुरु ग्रे कुन्झ हेही त्याच महिन्याच्या ५ तारखेस निवर्तले होते. आणि ज्या दिवशीं कार्डोझ गेले, त्याच दिवशीं आपल्या देशांत टाळेबंदी सुरू होऊन हजारों पाकगृहांच्या चुली थंड झाल्या होत्या.

या चरित्रांत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, जीवरसायनाचें शिक्षण वायां गेलें असें कोणी म्हणेल, तर तें चूक आहे. पाकगृह हीही एक प्रयोगशाळाच. फोडणी तेलांतच कां देतात? मसाल्यांतील सुगंधी द्रव्यें पाण्यापेक्षां तेलांत अधिक सहज विरघळतात, म्हणून. रवा भाजतांना तो तांबूस होतो व वास सुटतो, तो कां? पदार्थांतील अमायनो आम्लें व शर्करा यांचा उष्णतेनें संयोग होऊन नवे रंग व नवे गंध उत्पन्न होतात. मेयार नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ मध्यें ही क्रिया वर्णिली. मटणाचा खरपूसपणा व पावाची सोनेरी साल हीं तिचींच फळें.

आपल्या ज्वारीचेंच पहा. गव्हाच्या पिठांत चिवट ग्लूटेन असतें, म्हणून पोळी लाटतां येते. ज्वारींत तें नाहीं. यासाठीं आपल्या आया कढत पाणी घालून पीठ मळतात; उष्णतेनें पिठांतील स्टार्च फुगतो व पिठास धरून ठेवितो; मग भाकरी थापतां येते. आणि कडक भाकरी इतके दिवस टिकते ती कां? तिच्यांतील ओल मंद आंचेवर घालवून दिलेली असते. ओलीवांचून बुरशीस जगतां येत नाहीं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आपणांस ठाऊक असेल. पण त्या ज्वारीची भाकरी ज्या हातांनीं थापिली जाते, त्या हातांतील शास्त्राला मानांकन कोण देणार?

शास्त्राबरोबर जबाबदारीही येते. शिजलेलें अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेंत फार वेळ राहिलें, तर त्यांत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. म्हणून गरम तें गरमच व थंड तें थंडच ठेवावें लागतें. एका डॉक्टराची चूक एका रोग्यास भोंवते. एका आचाऱ्याची चूक साऱ्या पंगतीस.

आतां पालकांशीं स्पष्ट बोलणें भाग आहे. हा धंदा सुखाचा नाहीं. दहा-दहा, बारा-बारा तास उभें राहावें लागतें. हात भाजतात, बोटें कापतात. दिवाळी असो, नाताळ असो, सारें जग जेवावयास बसतें तेव्हां आचारी कामावर असतो. आरंभीं पगार थोडा. कित्येक ठिकाणीं उमेदवारास वरिष्ठांचे अपशब्दही ऐकावे लागतात, आणि तें शिस्तीचें अंग समजलें जातें. आमच्या मतें ती शिस्त नव्हे, तो केवळ दुष्टपणा होय. ज्याला दूरचित्रवाणीवरचा शुभ्र कोट व टाळ्या एवढेंच दिसतें, त्यानें या वाटेस जाऊं नये. ज्याला कांद्याचें पोतें सोलण्याचा कंटाळा नाहीं, त्यानें खुशाल जावें.

दुसरी गोष्ट, चूल मांडून जगणारीं माणसें केवळ मोठ्या हॉटेलांतच आहेत असें नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांस जेवण घालणाऱ्या शेंकडों खाणावळवाल्या होत्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा कामावरून निघालेला. त्या उधारीवर किराणा आणीत, सावकारास व्याज भरीत, आणि संपाच्या दिवसांतही कामगारांस उपाशी ठेवीत नसत. गोवा-मुक्तीच्या लढ्यांतून आलेल्या प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अशा स्त्रियांस एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिलें. राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज या बायकांच्या नांवावर मिळूं लागलें, आणि जिला आजवर कोणी धंदेवाली म्हणून मोजलें नव्हतें, ती खातेदार झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या. परंतु रांधणाऱ्या हातांस काम मिळत राहिलें. मंडळाच्या स्त्रियांनीं कचेऱ्यांस डबे पुरविले, उपाहारगृहें चालविलीं. प्रेमाताईंस २००२ मध्यें पद्मश्री मिळाली. जुन्या गिरणीच्या आवारांत पुढें जें 'बॉम्बे कँटीन' उभें राहिलें, त्याच परिसरांत पूर्वीं या बायकांच्या चुली पेटत होत्या, हें विसरतां कामा नये.

ज्यांस हा मार्ग धरावयाचा आहे, त्यांच्या माहितीसाठीं दोन शब्द. मुंबईस दादर येथें १९५४ सालीं लीलावती मुन्शी यांच्या प्रयत्नानें हॉटेलव्यवसायाचें शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. या प्रकारची ती देशांतील पहिली. आतां अशा संस्था अनेक प्रांतांत आहेत. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन सरकारी संस्थांत पदवीचा अभ्यास करतां येतो. ज्यांस इतकी वर्षें थांबणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्यें दहावीनंतर अन्ननिर्मितीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मात्र कोणत्याही मार्गानें गेलें तरी भाषा, गणित व विज्ञान यांवांचून वरची पायरी चढतां येत नाहीं.

गणिताचें एकच उदाहरण घ्या. तीनशें रुपयांस दहा किलो कांदा आणिला. साल व देंठ काढल्यावर नऊ किलो उरला. तर वापरण्याजोगा कांदा किलोस किती रुपयांनीं पडला? तीस रुपये म्हणाल तर चुकलांत; तो तेहतीस रुपये तेहतीस पैशांनीं पडला. हा फरक ज्यास कळत नाहीं, त्याचें दुकान गर्दी असूनही बुडतें.

हेंच उदाहरण आम्हीं त्या मुलास घातलें, आणि सांगितलें, "तुझ्या आईच्या भाकरीचा हिशेब मांडून आण." आठ दिवसांनीं तो वही घेऊन आला. अक्षर वेडेंवांकडें, पण बेरजा बिनचूक. पीठ, मीठ, दळण, कागदी वेष्टण, सारें मांडलें होतें. गॅसचा अर्धाच खर्च आई धरीत असे, असें त्याला आढळलें. आणि शेवटच्या ओळींत 'आईची मजुरी' असें लिहून पुढें त्यानें पूज्य काढलें होतें. खालीं बारीक अक्षरांत प्रश्न होता, "सर, हें कोणत्या दरानें धरावें?"

आम्हीं त्याच्या वडिलांस पुनः बोलाविलें व काहींही न बोलतां ती वही त्यांच्यापुढें ठेविली. ते बराच वेळ त्या पूज्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत हे माझ्याही ध्यानात आलं नाही, सर." थोड्या वेळानें उठतांना त्यांनीं विचारिलें, "ती बारावीनंतरची परीक्षा म्हणता, तिचा फॉर्म कधी निघतो?"

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत त्या मुलाची मागील प्रसंगाबद्दल सर्वांदेखत क्षमा मागितली. या वेळीं कोणी हंसलें नाहीं. विद्यार्थीबंधूंनो व भगिनींनो, आपणांपैकीं किती जण आचारी होतील, आम्ही सांगूं शकत नाहीं. पण आज घरीं ताटावर बसाल, तेव्हां तें कोणी रांधलें व त्याची मजुरी कोणत्या दरानें धरावी, एवढा प्रश्न स्वतःस अवश्य विचारा.